बाईच्या मापाचा झगा : बेळगाव कँपातल्या एका शिलाई दुकानाचं परीक्षण

बेळगावच्या कँपात गणवेश शिवणाऱ्या एका जुन्या दुकानात खाकी कापडाच्या शेजारी पांढरे झगेही टांगलेले दिसतात. पाळकांचे (ख्रिस्ती उपासना चालवणाऱ्या धर्मगुरूंचे) झगे, गायनमंडळाचे झगे, पहिल्या कम्युनियनचे फ्रॉक अशी सगळी कामं इथे होतात. हे परीक्षण त्यातल्या एकाच कामाचं आहे: दीक्षा, म्हणजे पाळकपद देण्याचा विधी, झालेल्या किंवा होऊ घातलेल्या बाईसाठी झगा, गळ्याशी पांढरी पट्टी असलेला कॉलरचा शर्ट आणि स्टोल, म्हणजे झग्यावर मानेवरून पुढे सोडायचा लांब पट्टा. खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या ज्या ख्रिस्ती मंडळ्या (चर्च) असं काम मापाप्रमाणे करून देणारी जागा शोधतायत, त्यांच्यासाठी गुण आधीच सांगतो. झग्याला दहापैकी आठ, स्टोलला सात, कॉलरच्या शर्टाला पाच.

कापडाची एवढी चर्चा करायला कारण आहे. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचं काम १८२० साली सुरू झालं, पुढे ते मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाकडे गेलं. मेथडिस्ट मंडळीने ४ मे १९५६ रोजी स्त्रियांना पाळकपदाचे पूर्ण हक्क दिले. भारतातली मेथडिस्ट मंडळी तेव्हा त्याच जागतिक मंडळीचा भाग होती, १९८१ साली ती स्वायत्त झाली. म्हणजे आपल्या भागातल्या मेथडिस्ट मुलीला हा हक्क नव्याने मागायचा नाही, तो तिच्या आजीच्या काळापासूनचा आहे. सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) आणि सी.एस.आय. (चर्च ऑफ साउथ इंडिया) या दोन्ही मंडळ्या स्त्रियांना दीक्षा देतात, आणि सी.एस.आय.मध्ये २०१३ साली नंद्यालच्या बिशपपदावर पुष्पा ललिता यांची नेमणूक झाली. एवढं सगळं झालं, तरी बहुतेक चर्चांच्या कपाटातला झगा छातीला चव्वेचाळीस, खांद्याला अठरा आणि उंचीला छप्पन्न इंच असतो. तो पाच फूट एक इंच उंचीच्या बाईच्या अंगावर चढवला की बाह्या दुमडायच्या, खालून टाचण्या लावायच्या, आणि मग तिने प्रभुभोजन (भाकर आणि प्याल्याचा विधी) द्यायला उभं राहायचं. समोर बसलेल्या मंडळीला काय दिसतं? कुणाच्या तरी जागी आज तात्पुरती उभी राहिलेली बाई. स्त्रियांच्या दीक्षेचा ठराव मंजूर करून घ्यायला ज्यांनी वर्षं घातली, त्यांनी झग्याचं माप बाकी ठेवू नये.

या दुकानाची पहिली जमेची बाजू पावतीच्या वहीत आहे. रकान्यात ‘पाळक’ एवढंच छापलंय आणि तिथे बाईचं नाव सरळ लिहिलं जातं. हे क्षुल्लक नाही. आपल्या मंडळ्यांत ‘पाळकीणबाई’ म्हटलं की पाळकांची बायको समजतात, त्यामुळे स्वतः दीक्षित असलेल्या बाईला हाक काय मारायची इथपासून अडतं. शिलाईसुद्धा पुरुषांच्या झग्याइतकीच घेतात. टक्स, प्रिन्सेस कट, आतला खिसा यांचे वेगळे पैसे नाहीत. इतर ठिकाणी ‘लेडीज पॅटर्न’ म्हणून वर आकार लावतात, तो का, हे विचारलं पाहिजे. पॅटर्न एकदा कापला की तो पुढच्या दहा झग्यांना चालतो.

आता माप. इथे सगळ्यात जास्त चुका होतात आणि त्या शिंप्याच्या नसतात, आपल्या असतात. झगा ज्या कपड्यावर घालणार, त्याच कपड्यावर माप द्यायचं. साडीवर घालायचा असेल तर साडी नेसून जायचं, निऱ्या नेहमीसारख्या खोचून, पदर पिनअप करून. पुढे निऱ्यांचा जो गठ्ठा येतो त्यामुळे पोटाचं माप सलवारीवरच्या मापापेक्षा दोन-तीन इंचांनी सहज वाढतं. सलवारीवर माप दिलं आणि रविवारी साडी नेसली की पुढची बटणं ताणतात आणि झगा मागून वर उचलला जातो. साडीवरच्या मापाला छातीत सहा इंच आणि सीटला आठ इंच सैल ठेवा. म्हणजे छाती छत्तीस असेल तर तयार झगा बेचाळीसचा. उंची मानेच्या मागच्या हाडापासून घोट्यापर्यंत घ्यायची, चर्चमध्ये जी चप्पल किंवा बूट घालणार ते पायात असताना. खालचा काठ जमिनीपासून दीड-दोन इंच वर हवा, आणि पुढचा काठ मागच्यापेक्षा एक इंच आखूड. वेदीच्या पायऱ्या चढताना हातात ताट किंवा प्याला असतो, झगा उचलायला हात मोकळा नसतो, आणि पुढचा काठ पायाखाली आला की काय होतं ते सांगायला नको. दुकानदार हा एक इंच आपणहून सोडत नाही, सांगावा लागतो.

खांदा हा खरा कळीचा मुद्दा. पुरुषी पॅटर्नचा खांदा सतरा-अठरा इंचांचा, बाईचा बहुधा साडेतेरा ते पंधरा. जास्तीचं कापड दंडावर उतरतं, स्टोल त्या ढिल्या कापडावर बसतो आणि घसरत राहतो. मग ती बाई उपासनाभर एका हाताने स्टोल सावरते आणि लोक म्हणतात, बाईंना सवय नाही. सवयीचा प्रश्नच नाही तिथे, खांदा तीन इंच मोठा आहे.

मुंढ्याच्या बाबतीत या दुकानाचा कारागीर खरंच जाणकार आहे. सैल हवं म्हणून मुंढा खोल कापला की हात वर करताना अख्खा झगा वर येतो, कारण बाही कमरेच्या जवळून सुरू होते. तो मुंढा वरच ठेवतो आणि बगलेत तीन इंच चौकोनी तुकडा तिरका लावतो. आशीर्वाद देताना दोन्ही हात वर गेले तरी खालचा काठ जागचा हलत नाही. ट्रायलला हे करून पाहायचंच: दोन्ही हात खांद्याच्या वर न्यायचे, पुढे वाकायचं, गुडघे टेकायचे, उठायचं, कडेवर मूल घेतल्यासारखा डावा हात धरून उजव्या हाताने बाप्तिस्म्याचं पाणी घ्यायचं. आरशासमोर सरळ उभं राहून झग्याची ट्रायल होत नाही. बाहीचं तोंड नऊ-दहा इंच घेराचं ठेवा. त्यापेक्षा मोठं असलं की प्याल्यात बुडतं आणि मेणबत्तीला लागतं, लहान असलं की बाप्तिस्म्याला वर सरकत नाही.

बटणांची जागा छातीवरून ठरवायची, गळ्यावरून नाही. गळ्यापासून सरसकट तीन-तीन इंचांवर काज पाडली तर छातीच्या सगळ्यात उंच भागावर दोन बटणांच्या मधली फट येते आणि ती उघडते. आधी बरोबर त्या उंचीवर एक बटण लावायचं, मग तिथून वर आणि खाली मोजायचं, दोन बटणांमध्ये आतून एक टिचबटण. बटणपट्टी कुठल्या बाजूला हवी हेही ते विचारतात. बायकांच्या कपड्याप्रमाणे घ्या किंवा पुरुषांच्या, पण शर्ट आणि झगा दोन्हींचं एकाच बाजूला घ्या.

माइकचा खिसा मागून घ्या. कॉलर-माइकची डबी पँटच्या पट्ट्याला अडकवायची असं गृहीत धरून बनवलेली असते. साडीवर पट्टा नसतो. मग डबी परकराच्या नाडीत खोचतात, ती उपासनेच्या मध्येच सरकते आणि आवाज जातो. झग्याच्या आत उजव्या बाजूला, कमरेच्या वर, चार बाय पाच इंचांचा झाकणाचा खिसा आणि बटणपट्टीच्या मागे वायरीसाठी काजासारखं एक भोक, एवढं पुरतं. इथे ते व्यवस्थित करतात. खिसा अस्तराला न शिवता कडेच्या शिवणीत बसवतात, म्हणजे डबीच्या वजनाने पुढचं कापड ओघळत नाही.

कापड दुकानातही मिळतं, पण निवड फारच थोडी. खडे बाजारातून घेऊन गेलात तर बरं. पाच फूट दोन इंचांच्या आसपास उंचीला अठ्ठावन्न इंच पन्ह्याचं टेरिकॉट साडेतीन मीटर लागतं, चव्वेचाळीस पन्ह्याचं पॉपलीन पाच मीटर. शुद्ध सुती अंगाला बरं, पण आपल्याकडच्या पावसात ते वाळत नाही आणि कपाटात ठेवलं की काळे बुरशीचे ठिपके धरतं. जून ते सप्टेंबर खानापूरकडे ज्यांनी काढलाय त्यांना हे ठाऊक आहे. खळ घातलेल्या सुती कापडावर बुरशी आणखी लवकर येते. म्हणून पॉलिस्टर-सुती मिश्रण घ्यावं आणि कापड शिवायच्या आधी एकदा पाण्यातून काढावं. पांढऱ्या टेरिकॉटमधून खालची रंगीत साडी दिसते, तर गुडघ्यापर्यंत पातळ कँब्रिकचं अस्तर पुरे. दुकान आपणहून नायलॉनचं अस्तर लावतं, ते नको म्हणून स्पष्ट सांगा. उन्हाळ्यात गुड फ्रायडेची तीन तासांची उपासना किंवा ओळीने लग्नं असली की नायलॉनमध्ये जीव घाबरा होतो.

स्टोलकडे येऊ. तयार स्टोल मागवला तर एकेक बाजू पन्नास-चौपन्न इंचांची येते. बुटक्या बाईच्या तो घोट्यापर्यंत लोंबतो. इथे मानेपासून गुडघ्याच्या चार-पाच इंच खाली मोजतात, म्हणजे साधारण बेचाळीस ते पंचेचाळीस इंच, आणि रुंदी पाचाऐवजी चार. मानेवर सरळ पट्टी न ठेवता मधोमध कोनात शिवण घेतात, त्यामुळे स्टोल मानेला धरून बसतो. आतून बकरम घालतात, पण जाड. पातळ मागा. जाड बकरमचा स्टोल पुठ्ठ्यासारखा उभा राहतो आणि वाकलं की बायबलवर पडतो. डीकनच्या (पूर्ण दीक्षेच्या आधीच्या पायरीवरच्या सेवकाच्या) स्टोलला, म्हणजे डाव्या खांद्यावरून तिरक्या घेतलेल्याला, उजव्या कमरेशी एक हूक लावून देतात. पुढे पूर्ण दीक्षा झाली की हूक काढायचा, स्टोल तोच चालतो.

सीमाभागातल्या बायकांना इरकलीचा काठ किंवा गुळेदगुड्डचा खण स्टोलला लावायची हौस असते, आणि ती चांगलीच आहे. मखमलीवर जरीची परदेशी नक्षी हवीच असं कुठे आहे? इरकलीचा टोप पदर पेन्टेकॉस्टच्या (पवित्र आत्म्याच्या सणाच्या) तांबड्या स्टोलच्या टोकांना तर इतका शोभतो की दुसरं काही शिवायची गरज नाही. मात्र तांबडा रंग सुटतो. पांढऱ्या झग्यावर घामाने एकदा तांबडी पट्टी उमटली की ती निघत नाही. काठ कापायच्या आधी मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजवा, पांढऱ्या फडक्यात गुंडाळून दाबा, फडक्याला रंग लागला तर पुन्हा. तीनदा करूनही लागत असेल तर तो काठ स्टोलसाठी नाही. आतल्या बाजूला पांढरं अस्तर लावून भागेल असं दुकानदार सांगतो, ते खरं नाही, रंग अस्तरातून उतरतो. खणाचं कापड तिरकं कापू नये, उसवतं. त्याच्या दोन्ही कडा आत दुमडून, मागून पातळ सुती चिकटपट्टी इस्त्रीने लावून मगच शिवावं. हिरवा, जांभळा, पांढरा, तांबडा असे चार स्टोल एकदम करायची ऐपत नसेल तर एका बाजूला हिरवा आणि दुसऱ्या बाजूला जांभळा असा दुतोंडी स्टोल हे लोक करून देतात. वर्षातले सगळ्यात जास्त रविवार त्यात निघतात.

भरतकाम बाहेरून, संगणकी यंत्रावर करून आणतात आणि इथे कामात सातत्य नाही. क्रूस, द्राक्षं, कबूतर यांचे नमुने तयार असतात, ते छान येतात. अक्षरं मागितली की घोळ. देवनागरीची शिरोरेषा अक्षराअक्षराला तुटते, नाहीतर एवढी दाट भरतात की कापड आक्रसतं. अक्षराची उंची पाऊण इंचाच्या खाली जाऊ देऊ नका, आणि जोडाक्षर कागदावर काढून द्या. ‘रब्बूनी’ (म्हणजे ‘गुरुजी’) हा शब्द बऱ्याच जणींना स्टोलवर हवा असतो: कबरेपाशी मरीया मग्दालीयेच्या तोंडून निघालेला, योहानाच्या विसाव्या अध्यायातला. त्यानंतर लगेच ती शिष्यांकडे निरोप घेऊन धावली, पुनरुत्थानाचा पहिला संदेश बाईच्या तोंडून गेला. त्या शब्दातला ‘ब्ब’ यंत्राला नीट कळत नाही, दोन ‘ब’ अलग येतात. कानडीतही तोच शब्द दुसऱ्या टोकाला घ्यायचा असेल, आणि दोन्ही भाषांत उपासना होणाऱ्या मंडळ्यांत तो घ्यावाच, तर लिहून दिलेला कागद दोन जाणत्या माणसांकडून तपासून घ्या. काहीजणी ‘फिबी’ भरून मागतात. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात पौलाने फिबीला जो ग्रीक शब्द वापरलाय, डियाकोनोस (म्हणजे सेवक; ‘डीकन’ त्यावरूनच आला), तोच तो करिंथकरांच्या पहिल्या पत्रात स्वतःसाठी आणि अपुल्लोसासाठी वापरतो. मंडळीतल्या पंचांशी वाद घालताना हा एक शब्द फार उपयोगी पडतो, आणि स्टोलवर असला की वाद उपासनेच्या आधीच सुरू होतो! केडगावच्या मुक्ती सदनात बायकांनी खिळे जुळवून छापलेलं, पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेलं बायबल आपल्या भाषेत आहे. शास्त्र वाचायला आणि समजावून द्यायला बाई चालते, मग भाकर मोडायला का नाही, हा प्रश्न आपल्याला बाहेरून आणावा लागत नाही.

कॉलरचा शर्ट मात्र निराश करतो. बाईच्या मानेचा घेर साडेबारा ते साडेतेरा इंच, आणि दुकानातले कॉलरचे साचे साडेचौदापासून सुरू होतात. मान मोकळी राहते, पांढरी पट्टी पुढे झुकते, आणि जबड्याखाली टोचते. पट्टीही सव्वा इंच उंचीचीच ठेवतात, आखूड मानेला एक इंचाची हवी. ती नसली तर पांढऱ्या प्लॅस्टिकच्या डब्यातून कापून घेता येते, कडा बारीक पॉलिश कागदाने घासायच्या. शर्टाला टक्स घालायला सांगितले तर छातीवर घालतात, पण पाठीला घालत नाहीत, त्यामुळे मागे पोळी फुगल्यासारखा फुगतो. उपाय म्हणजे शर्टाऐवजी सलवार-कमीजच्या कमीजलाच कॉलर लावून घेणं. हे काम आपला नेहमीचा ब्लाउज शिवणाराही करू शकतो: बंद गळा, पुढे दीड इंचाची फट, आत पट्टी सरकवायला दोन्ही बाजूंना बोळ. गावोगाव बसने फिरणाऱ्या पाळकबाईंना तसाही हा प्रकार जास्त सोयीचा.

कॅथलिक बायकांसाठी दोन शब्द, कारण कँपात फातिमा कॅथेड्रल आहे आणि गिऱ्हाईक तिथलंही येतं. कॅथलिक मंडळीत दीक्षा फक्त बाप्तिस्मा झालेल्या पुरुषालाच मिळते असं धर्मकायद्याचं १०२४ वं कलम सांगतं, आणि १९९४ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी हा विषय संपल्याचं जाहीर केलं. जानेवारी २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी वाचक आणि वेदीसेवक या दोन सेवा विधीपूर्वक स्त्रियांना खुल्या केल्या. त्यासाठीचा पायघोळ पांढरा झगा हे दुकान उत्तम शिवतं, वर सांगितलेली सगळी मापं त्यालाही लागू. दीक्षेची मागणी करणाऱ्या कॅथलिक गटांचं जगभरचं चिन्ह जांभळा स्टोल आहे, आणि २५ मार्चच्या सुमारास, मरीयेला देवदूताने निरोप दिला त्या सणाला, ते प्रार्थनादिन पाळतात. असा साधा जांभळा स्टोल दुकान कुठलीही चिठ्ठी न मागता शिवून देतं. तो अंगावर घालू नये असं आमचं मत. घातला की सगळं बोलणं शिस्तभंगाकडे वळतं आणि मूळ प्रश्न बाजूला पडतो. प्रार्थनेला जमल्यावर मधल्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवला तर बघणाऱ्याला तो पुरेसा कळतो. खुर्चीवर टाकायचा असेल तर मानेची शिवण कोनात न घेता सरळ घ्यायला सांगा, कोनातली चुरगळते.

व्यवहाराचं सांगायचं तर मराठी आणि कानडी दोन्ही चालतं, अर्धे पैसे आगाऊ, झग्याला तीन आठवडे, भरतकाम असेल तर पाच. ऑक्टोबरनंतर नाताळची गर्दी आणि एप्रिलमध्ये पहिल्या कम्युनियनचे फ्रॉक, या दोन वेळा टाळा. माप घ्यायला एक शिवणकाम करणारी बाई येते, पण रोज नसते आणि तिची वेळ कुठे लिहून लावलेली नाही. फोन करून जा. ती नसताना पुरुष कारागीर आपल्याच ब्लाउजवरून माप उतरवतो आणि त्यात खांदा हमखास चुकतो. पडद्याची जागा आहे, आरसा मात्र बाहेर, रस्त्याच्या तोंडाला. ट्रायलसाठी तो आत हवा, हे दुकानदाराच्या कानावर घालायला हवं.

शेवटी शिवणीतला दाब. कडेच्या दोन्ही शिवणींत दोन-दोन इंच आणि खाली तीन इंच कापड आत ठेवायला सांगा. दीक्षेच्या वेळी पंचवीस-तिशीत असलेल्या बाईचा झगा गरोदरपणात पुढून दोन बॉक्स प्लेट उघडून वापरता यावा, असं कापता येतं. त्यासाठी गळ्यापासून नाही, छातीखालून प्लेट घ्यायच्या आणि वरून कच्चा टाका घालून बंद ठेवायच्या. कारागिराला हे जमतं, त्याने केलंयही. पण सांगितल्याशिवाय तो अर्धा इंच दाब ठेवून बाकीचं कापून टाकतो. म्हणून दाबाचे इंच पावतीवर मापाखालीच लिहून घ्यायचे आणि कात्री लागायच्या आधी ती ओळ त्याला वाचून दाखवायची.